जामीन कोण राहणार?



यंदाचं दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणी झाली, आणि नेहमीप्रमाणे पारण्याच्या पदार्थांवर लिहायला मी बसणार होते. ते राहिलं. कारण आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी ओटा पुसता पुसता विचारलं, "वहिनी, साहेब जामीन राहतील का?"

मावशींची धाकटी मुलगी बारावी झाली. तिला नर्सिंगचा, म्हणजे जीएनएमचा तीन वर्षांचा कोर्स करायचाय. प्रवेश मिळतोय, पण फी भरायला पैसे नाहीत. एका मोठ्या बँकेत त्या दोनदा जाऊन आल्या, दर खेपेला एक नवा कागद कमी निघाला. शेवटी एका पतपेढीनं हो म्हटलं. पण दोन जामीनदार हवेत, पगाराची स्लिप असलेले. एक त्यांच्या भावाच्या ओळखीतला मिळालाय, दुसरा मिळत नाही.

रात्री ह्यांना विचारलं. हे हिशेबातले माणूस. म्हणाले, "जामीन राहणं म्हणजे नुसती सही नव्हे, ते कर्जच असतं. हप्ते थकले तर ते लोक सरळ माझ्या दारात येऊ शकतात. रिटायरमेंटला चार वर्षं राहिलीत." त्यांचं काही चुकत नव्हतं. मी गप्प बसले. पण झोप लागेना, कारण मला माळ्यावरची एक फाइल आठवत होती.

ती फाइल माझ्या सासऱ्यांची, अण्णांची. आम्ही राहतो त्या घराचे मूळ कागद तिच्यात आहेत. १९७८ साली डोंबिवली पूर्वेला त्यांनी वन रूम किचनचा ब्लॉक घेतला, अठ्ठावीस हजारांना. तेव्हा त्यांचा पगार साडेसहाशे रुपये. पंधरा हजार कर्ज इथल्याच एका सहकारी बँकेचं, आणि त्या अर्जावर दोन जामीनदारांच्या सह्या. एक त्यांच्या कंपनीतला फोरमन, दुसरा रोज सकाळच्या गाडीत बरोबर असणारा एक पोस्टातला माणूस. ना भाऊबंद, ना गावचे, ना समाजाचे. मी लग्न होऊन आले तेव्हा अण्णा ती गोष्ट हसत सांगायचे, पण आम्हा सगळ्यांच्या तोंडी मात्र एकच वाक्य असायचं: "आम्ही कष्टानं वर आलो." माझ्या मुलांनाही मी तेच सांगत आले.

कष्ट होतेच, त्याबद्दल शंका नाही. पण मावशी पहाटे साडेचारला उठतात. पाच घरच्या पोळ्या करतात, रात्री एका पोळीभाजी केंद्रात जातात. कष्टानं माणूस वर येत असता तर मावशी एव्हाना घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहायला हव्या होत्या. मग अण्णा वर आले ते नेमकं कशानं, हे शोधावं असं वाटलं. महिनाभर जमेल तसं वाचलं, जुनी माणसं गाठली. आज पदार्थ नाही, हा इतिहास.

पहिली पायरी डोंबिवलीत नाही, तिकडे आमच्या मुलखात आहे. अण्णा हातकणंगले तालुक्यातल्या एका खेड्यातले. दीड एकर जमीन, पाच भावंडं. त्याच तालुक्यातलं कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटलांचं जन्मगाव, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना माहीत असेल. १८८७ साली दिगंबर जैन कुटुंबात जन्मलेला हा माणूस कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकला, शाहू महाराजांच्या छायेत वाढला, आणि १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यानं रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत. त्या काळात हे किती मोठं होतं ते आजच्या मुलांना सांगून पटत नाही. 'कमवा आणि शिका' ही योजना म्हणजे मुलानं शेतात, बांधकामावर राबायचं आणि त्या बदल्यात शिक्षण घ्यायचं. अण्णा त्यातून मॅट्रिक झाले. त्यांच्या हाताला विहिरीच्या कामाचा एक व्रण होता, तो ते दाखवायचे. म्हणजे कष्ट त्यांचे, पण त्या कष्टाला मॅट्रिकचं सर्टिफिकेट देणारी व्यवस्था दुसऱ्या कुणीतरी आधी उभी करून ठेवलेली होती. विहिरी खणणारे लोक तेव्हाही लाखोंनी होते, त्यांना कुणी सर्टिफिकेट दिलं नाही.

दुसरी पायरी आगगाडी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, हे शाळेत पाठ केलेलं आहे. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्यांनी त्यासाठी खटपट केली होती. पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, रूळ कल्याणला पोचले. आपण हे अभिमानानं सांगतो, पण ती गाडी पहिल्यापासून वर्गावर्गानं विभागलेली होती. पहिला, दुसरा, तिसरा. तिकिटाच्या दरात कित्येक पटींचा फरक. तरी मजा अशी की, तिसऱ्या वर्गाचा माणूस आणि पहिल्या वर्गाचा साहेब ठाण्याला एकाच वेळी उतरत होते. आधी कधी असं घडलं नव्हतं. कल्याण हे त्याआधीही मोठं बंदर होतं, कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. पण बंदरावर तारू ज्याचं त्याचा पैसा. ओझं वाहणारा ओझंच वाहायचा. गाडीनं गरिबाला घर एका ठिकाणी आणि नोकरी दुसऱ्या ठिकाणी ठेवण्याची सोय दिली. महिन्याच्या पासाचं भाडं सरकारनं मुद्दाम कमी ठेवलं, त्यातून दादर-गिरगावच्या खोलीत न मावणारी कारकून माणसं डोंबिवलीला येऊन राहू लागली.

अण्णा १९५८ साली मुंबईत आले. लालबागला एका खोलीत नऊ जण. १९६४ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत स्टोअर्समध्ये लागले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं, आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. मग डोंबिवलीची एमआयडीसी आली. शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहन्याला नॅशनल रेयॉन, डोंबिवलीला प्रीमियरचा कारखाना, पोखरण रोडला कॅडबरी, ठाण्यात रेमंड. सकाळच्या भोंग्यावर घड्याळ लावायचे दिवस. कायम नोकरी, भविष्यनिर्वाह निधी, दिवाळीला बोनस, युनियन. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटावर अशी नोकरी मिळत होती, ही तिसरी पायरी. आज अण्णांच्या जागी तसलाच मुलगा लागला तर कंत्राटदाराच्या पगारपत्रकावर, अकरा महिन्यांसाठी.

आता जमिनीचं सांगते. या भागाशी मला खरं वाद घालायचाय, कारण आमच्या घरात या विषयावर फार गैरसमज आहेत. आमच्या इमारतीची जमीन इथल्या आगरी कुटुंबाची. लोक म्हणतात, आगऱ्यांनी जमिनी विकल्या, गाड्या घेतल्या, गळ्यात सोन्याच्या साखळ्या घातल्या. आमच्या भिशीतही हे बोललं जातं. मीही हसले आहे. पण त्या कुटुंबातले म्हातारे बाबा माझ्याशी दोन तास बोलले, तेव्हा कळलं की त्यांचे वडील ती जमीन कुळ म्हणून कसत होते. खाचरं पिकवायची, भात काढायचं, आणि निम्म्याहून अधिक सावकाराच्या घरी पोचवायचं. १९४८ चा कूळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कसणारा कुळ जमिनीचा मालक ठरला. सरकारी आकारणीच्या पटीत किंमत ठरली, ती हप्त्यांनी फेडायची. त्याआधी कोकणात शेतकऱ्यांनी काय सोसलं होतं! अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं १९३३ पासून सहा वर्षं संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, उपाशी राहिले, पण खोताला धान्य घातलं नाही. कायदा काही आकाशातून पडला नाही.

बाबांच्या वडिलांचं नाव सातबाऱ्यावर होतं म्हणून जमीन मिळाली. त्यांच्या चुलत्याचं नाव नव्हतं. मालकानं कुठल्या तरी कागदावर अंगठा घेतला होता, स्वखुशीनं जमीन सोडतो म्हणून. त्या शाखेतली मुलं आज रिक्षा चालवतात. एकाच आज्याची नातवंडं! बाबा हे अगदी सहज सांगत होते, मला मात्र ऐकवत नव्हतं. सत्तरच्या दशकात बिल्डर आले. अण्णांसारखे खरेदीदार दारात उभे होते, कर्ज देणाऱ्या बँका निघाल्या होत्या, जमिनीला भाव आला. बाबांनी तेव्हा ज्या भावाला जमीन दिली तो आकडा सांगून ते स्वतःच हसतात. त्या पैशात थोरल्या दोन मुलींची लग्नं आणि एक चाळ झाली. श्रीमंत कोण झालं म्हणाल तर आम्ही! आमच्या त्या खोली-स्वयंपाकघराची आजची किंमत ऐकून अण्णा घाबरून गेले असते. त्या वाढलेल्या किमतीसाठी आम्ही काही कष्ट केलेले नाहीत, फक्त तिथे राहिलो.

आणि विटा. ही गोष्ट माझ्या कधी डोक्यात आली नव्हती. ठाणे, कल्याण, भिवंडी, पनवेल या पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवर पिढ्यान् पिढ्या कातकरी कुटुंबं राबतात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा भट्टीमालकाकडून बयाणा घ्यायचा, आणि दिवाळीनंतर बायको-मुलांसकट भट्टीवर जाऊन तो फेडायचा. फिटत नाही, मग पुढच्या वर्षी परत तेच. मुलाची शाळा त्यातच सुटते. जुन्या ठाणे जिल्ह्यात, तलासरी-उंबरगावकडे, १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला तेव्हा गोदावरी परुळेकर त्यांच्यामध्ये राहत होत्या. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही जन्मभर सावकाराची होत, त्यांना लग्नगडी म्हणत. वेठबिगार मुक्तीचा कायदा देशाला १९७६ साली मिळाला, आणि तो कागदावरून जमिनीवर आणायला ऐंशीच्या दशकात वसईकडे विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेला रस्त्यावर यावं लागलं. आमची इमारत १९७८ ची. तिच्या विटा कुठल्या तरी भट्टीवरूनच आल्या असणार. अण्णांचं कर्ज पंधरा हजारांचं, ते फिटलं आणि घर झालं. भट्टीवरच्या माणसाचं कर्ज कदाचित पाचशेचं असेल, ते फिटलं नाही. दोन्ही कर्जंच. एक बँकेचं होतं, व्याज ठरलेलं, पावती मिळणारं. दुसरं तोंडी.

बँकांचंही थोडक्यात. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, नोकऱ्या निघाल्या. आणि इथल्या मध्यमवर्गानं स्वतःच्या बँका काढल्या. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७०, ठाणे जनता सहकारी १९७२, कल्याण जनता सहकारी १९७३. शाळामास्तर, कारकून, छोटे दुकानदार यांनी शेअर घेतले, एकमेकांना जामीन राहिले. हे काम फार मोठं आहे आणि त्याचं म्हणावं तितकं कौतुक झालेलं नाही. पण एकमेकांना ओळखणारे लोक एकमेकांना जामीन राहतात. ज्याच्या ओळखीत एकही पगारदार नाही, त्याला जामीन कोण? गाडीतल्या ग्रुपमध्ये, शाखेत, मंदिराच्या ट्रस्टमध्ये जे नव्हते, ते या पायरीपर्यंत आलेच नाहीत. जात इथे उघड बोलत नव्हती, पण होती.

मावशींचे वडीलही अण्णांच्याच सुमारास मुंबईला आले होते, रत्नागिरीकडून. लालबागच्याच एका गिरणीत साच्यावर. कदाचित एकाच चहाच्या दुकानात दोघे उभे राहिले असतील. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी संपलाच नाही. मावशी तेव्हा सात-आठ वर्षांच्या. भांडी विकली, मग आईच्या बांगड्या, मग सगळे गावी. कापड विणणं काही थांबलं नाही, ते भिवंडीच्या यंत्रमागांवर गेलं, बारा-बारा तासांच्या पाळीला, युनियनशिवाय. मावशींचं लग्न कल्याण पूर्वेला झालं. नवरा जवळच्याच एका कारखान्यात होता, तोही बंद पडला. थकबाकीची केस अजून चालू आहे. नवरा आता एका गृहसंकुलात वॉचमन आहे, बारा तासांच्या ड्युटीवर.

थोडं आकड्यांचं. लुका शान्सेल आणि तोमा पिकेटी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या प्राप्तिकराच्या १९२२ पासूनच्या नोंदी चाळल्या. देशातल्या एकूण उत्पन्नापैकी सर्वांत श्रीमंत एक टक्का लोकांकडे किती जातं, हा त्यांचा प्रश्न. १९३० च्या दशकाच्या शेवटी सुमारे एकवीस टक्के. मग ते उतरत गेलं, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सहा टक्क्यांवर आलं. पुढे परत चढलं, २०२२-२३ मध्ये ते साडेबावीसच्या पुढे आहे, इंग्रजांच्या काळापेक्षा जास्त. अण्णांची फाइल आणि हा आलेख शेजारी शेजारी ठेवून बघा. मॅट्रिक, नोकरी, पास, कर्ज, घर, सगळं त्या उतारावर झालंय. सर्वांत खालच्या टोकाला, ऐंशीच्या सुमारास, आमचं घर झालं आणि मावशींच्या वडिलांची नोकरी गेली. गरिबी तेव्हा जास्त होती, हे मी विसरत नाही. रेशनच्या रांगेत सासूबाई तीन-तीन तास उभ्या राहायच्या. फोनला सात वर्षं वाट पाहिली. ते दिवस सोन्याचे होते असं मुळीच नाही. पण दोन पायऱ्यांमधलं अंतर पाय पोचेल इतकं होतं.

ते अंतर आमच्या स्वयंपाकघरात बसून मोजता येतं. अण्णांचा ब्लॉक त्यांच्या साडेतीन वर्षांच्या पगाराइतका. मावशींचा थोरला मुलगा आयटीआय झालाय, कंत्राटावर अठरा हजार मिळवतो. आमच्या गल्लीत तसलाच जुना वन रूम किचन मध्यंतरी सत्तावीस लाखांना गेला. भागून बघा, साडेबारा वर्षांचा सगळा पगार, एक घास न खाता. म्हणून ते लोक कल्याण पूर्वेला एका इमारतीत राहतात, तिला पालिकेची परवानगी आहे की नाही कुणालाच ठाऊक नाही. डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण तुम्ही वाचलं असेल, खोट्या कागदांवर रेराची नोंदणी घेतलेली, आणि मग उच्च न्यायालयाचा पाडकामाचा आदेश. कर्ज काढून आलेली कुटुंबं होती त्यांत. शीळची ४ एप्रिल २०१३ ची इमारत तर बांधता बांधता कोसळली, ७४ माणसं गेली. खरं सांगू? आमच्या सोसायटीच्या नावावरही जमिनीचं कन्व्हेयन्स अजून झालेलं नाही. आमची इमारत 'जुनी' आणि त्यांची 'अनधिकृत'. बँकेच्या काउंटरवर या दोन शब्दांत सगळं आयुष्य फिरतं.

वागळे इस्टेटमध्ये आता आयटी पार्क आहेत. रेमंडची गिरणी होती तिथे टॉवर उभे आहेत. शीळ रस्त्याला पलावा आहे, आत सगळं वेगळंच जग. गाडीतही एसी लोकल आली. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या गाड्या काढून एसी सोडल्या म्हणून कळवा आणि बदलापूरच्या प्रवाशांनी आंदोलन केलं होतं. माझी सून एसीनं जाते, तिला ती हवी, आणि मला तिची काळजी असल्यानं मलाही हवी. मावशींची सून दाराशी लटकून जाते. मुंब्र्याजवळ जून २०२५ मध्ये दारातली माणसं पडून गेली, तेव्हा मावशी दिवसभर फोन लावत होत्या.

मुंब्र्याचं नाव निघालंच तर आणखी एक. सॅम अॅशर, पॉल नोवोसाद आणि चार्ली रॅफकिन या अभ्यासकांनी बाप आणि मुलगा यांच्या शिक्षणाची तुलना करून पाहिलं की भारतात खालच्या घरातलं मूल किती वर जातं. त्यांना असं दिसलं की एकूण चढण फारशी बदललेली नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना आधीपेक्षा जास्त वर जाता येतंय, आणि मुसलमान मुलांची घसरण झालीय. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली किती कुटुंबं मुंब्र्यात आली ते इथे सगळ्यांना माहीत आहे. चांगल्या वस्तीत घर मिळत नाही, म्हणून चांगली शाळा जवळ नाही, असं ते चक्र आहे. आणि घर न देण्यात आपली 'फक्त शाकाहारींसाठी'वाली माणसंही आहेत, मैत्रिणींनो. मी कांदा-लसूणसुद्धा खात नाही, तरी मला ते पटत नाही.

आता तुमच्यापैकी कुणीतरी लिहिणार, ताई, ज्याचं त्याचं कर्म. म्हणून आधीच सांगते. ठाण्याचा आणि आपला संबंध फार जुना. श्रीपाल-मैनासुंदरीच्या कथेत समुद्रात ढकललेला श्रीपाल कोकणच्या किनाऱ्याला लागतो ते ठाण्याला, असं श्वेतांबर बांधव सांगतात. टेंभी नाक्याचं मुनिसुव्रतस्वामींचं मंदिर त्या श्रद्धेवरच उभं आहे, त्याला कोकण शत्रुंजय म्हणतात. आपल्याकडे अष्टाह्निकेत सिद्धचक्र विधानाच्या वेळी मैनेची कथा होते. आठवा, ती काय म्हणाली आणि कुणाला. राजा बाप विचारतो, तू कुणाच्या जिवावर सुखी? ती सांगते, माझ्या कर्माच्या. बापाचा अहंकार दुखावतो आणि तो तिला कुष्ठरोग्याला देऊन टाकतो. कर्माचं ते उत्तर एका मुलीनं सिंहासनावरच्या माणसाला दिलेलं आहे, "मी तुला घडवलं" असं म्हणणाऱ्याला. सिंहासनावर बसून खालच्याला ते ऐकवायची सोय कथेत कुठे आहे, मला तरी सापडली नाही. आणि नवरा कुष्ठरोगी आहे हे त्याचं कर्म, असं म्हणून मैना स्वस्थ बसली नव्हती.

तर हे सगळं मी ह्यांना वाचून दाखवलं. जमिनीच्या भागाला त्यांनी दोन चुका काढल्या, त्या सुधारल्या आहेत. मग अण्णांची फाइल मागून घेतली आणि बराच वेळ त्या दोन सह्या बघत बसले. म्हणाले, "हा पोस्टातला माणूस अण्णांना फक्त गाडीत भेटायचा. त्याला घरी दोन मुली होत्या लग्नाच्या. त्याच्या बायकोनं काय म्हटलं असेल?" मी म्हटलं, "तुम्ही म्हणालात तेच म्हटलं असेल."

सोमवारी मावशी मुलीला घेऊन आल्या. हे तिच्याशी अर्धा तास बोलले. कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, फी वर्षाची की सहामाहीची, हप्ता केव्हापासून सुरू. पोरगी नीट उत्तरं देत होती, एका प्रश्नाला म्हणाली, "काका, हे मी विचारून सांगते." मान्यतेचा कागद तिनं दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर पाठवला. ह्यांनी एक अट घातली, कर्जाची रक्कम निम्मी करायची, उरलेली पहिल्या वर्षाची फी आम्ही बिनव्याजी उसनी देऊ. मावशींनी त्याला अट घातली की दर महिन्याच्या त्यांच्या पगारातून पाचशे आम्ही कापून घ्यायचेच. मला ते आवडलं नाही, पण त्या ऐकेनात.

फॉर्मवर एक रकाना होता, जामीनदाराचे अर्जदाराशी नाते. हे पेन धरून थांबले. अण्णांच्या फॉर्मवर पोस्टातल्या माणसानं त्या जागी 'सहप्रवासी' असं लिहिलंय. ह्यांनी 'परिचित' लिहिलं. पतपेढीच्या बाईंनी तो फॉर्म परत पाठवला, म्हणे, परिचित चालत नाही, काहीतरी नक्की लिहा. उद्या सकाळी दोघं परत जाणार आहेत. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, आधार, पॅन आणि दोन फोटो, सगळं मी आत्ताच पिशवीत भरून दाराला लावून ठेवलंय.